जिंकूनही कर्जात बुडवणारा गेम: १९९७चा 'आर्मर्ड कोअर' आज कसा खेळायचा?

'एल्डन रिंग' बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीनं १९९७मध्ये प्लेस्टेशनसाठी 'आर्मर्ड कोअर' आणला. यात तुम्ही 'रेव्हन', म्हणजे पैसे घेऊन लढणारे भाडोत्री पायलट असता.

तुमचा महाकाय रोबो तुम्हीच जोडायचा. डोकं, हात, पाय, जनरेटर, शस्त्रं, सगळं वेगवेगळं मिळतं. मात्र पायांना वजन पेललं पाहिजे आणि जनरेटरची ऊर्जा पुरली पाहिजे.

खरी मेख हिशेबात आहे. मोहीम जिंकली तरी गोळ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्या कमाईतून कापला जातो. कर्ज ५० हजारांच्या पुढे गेलं, तर तुमच्या शरीरावर प्रयोग होतात. गेम पहिल्यापासून सुरू होतो, पण नवी क्षमता मिळते. म्हणजे हरणाऱ्याला गुपचूप मदतच!

आज खेळताना पहिली अडचण कंट्रोल्सची. अ‍ॅनालॉग स्टिक इथे चालत नाही. बाजूला सरकायला आणि वर-खाली बघायला कंट्रोलरच्या वरची चार बटणं वापरावी लागतात. बोटांना सवय होईपर्यंत चिडचिड होणारच.

त्यावर सोपा उपाय: सुरुवातीला लेझर ब्लेड जास्त वापरा. तिला गोळ्या लागत नाहीत, त्यामुळे पैसे वाचतात. मोहीम फसली, तर आधी रोबोचे भाग बदलून बघा.

२०२३मध्ये या मालिकेचा सहावा भाग आला. तो आवडला असेल, तर त्याची मुळं इथेच सापडतील.