चावी फिरवण्याआधीचे शब्द

मराठीत दुवा देतात आणि दुवा घेतात. गोरगरिबाचा दुवा घ्यावा, तळतळाट घेऊ नये, असे कोणत्याही घरातले वडीलधारे सांगतात. हा शब्द मूळचा अरबी ‘दुआ’. फारसी आणि दख्खनीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि इथल्या मातीत आशीर्वाद होऊन बसला. अरबीत त्याचा मूळ अर्थ हाक मारणे, बोलावणे. माणसाने ईश्वराला मारलेली हाक म्हणजे दुआ. दोन अर्थांतल्या या अंतरामुळे एक गैरसमज मात्र सहज होतो. उठताना, जेवताना, गाडीत बसताना, शिंकतानासुद्धा मुस्लिम शेजारी काही पुटपुटतो ते ऐकून बाकीच्यांना वाटते की हा सारखे काहीतरी मागतो आहे. या लेखाचे म्हणणे नेमके उलट आहे. रोजच्या छोट्या दुआंमध्ये मागणे थोडे आणि आठवण जास्त असते. जे काम हातून सहज होते आहे ते सर्वस्वी आपल्या हातचे नाही, याची ती आठवण. दुआंचे शब्दच तपासले तर हे दिसून येते.

तपासायला टेंभुर्णी हे ठिकाण सोयीचे आहे. माढा तालुक्यातले हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. इथून एक रस्ता पंढरपूरकडे वळतो, एक करमाळ्यावरून नगरकडे जातो, एक कुर्डुवाडी-बार्शीमार्गे लातूरला. शेजारी उजनीचे पाणी, त्या पाण्यावरचा ऊस, उसामागून आलेले साखर कारखाने, औद्योगिक वसाहत आणि या सगळ्याची ने-आण करणारे ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर. अशा रस्त्यावरच्या कित्येक मुस्लिम चालकांच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर ‘सफर की दुआ’चा स्टिकर असतो. त्यातले शब्द कुरआनच्या 43 व्या अध्यायातल्या 13 आणि 14 या आयतींमधले आहेत. त्यांचा आशय असा की, ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिले तो पवित्र आहे, एरवी याला काबूत आणण्याची ताकद आमच्यात नव्हती, आणि शेवटी आम्हाला त्याच्याकडेच परतायचे आहे. मूळ संदर्भ जहाजांचा आणि स्वारीच्या जनावरांचा, पण आज तेच शब्द सोळा चाकी ट्रकला आणि विमानालाही लागू धरले जातात. सौदी अरेबियाच्या ‘सौदिया’ कंपनीच्या विमानांत उड्डाणापूर्वी प्रवासाची दुआ ऐकवली जाते. आता या दोन आयतींत ‘मला सुखरूप पोचव’ ही मागणी शोधून पाहावी. ती नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, याला जोडून येणाऱ्या पुढच्या भागात प्रवास सोपा होण्याची आणि मागे राहिलेल्या घरच्यांना सांभाळण्याची विनंती आहे, हे खरे. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कबुली, मग मागणी. स्टिअरिंगवर हात ठेवलेल्या माणसाला दुसरे वाक्य सांगते की हे यंत्र तुझ्यापेक्षा बलवान आहे, आणि तिसरे सांगते की तू मरणार आहेस.

नमाज आणि दुआ यांत बाहेरचा माणूस बरेचदा गल्लत करतो. नमाजला वेळ ठरलेली, दिशा ठरलेली, आधी वुजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणे, आवश्यक, शब्द आणि हालचालींचा क्रम पक्का. दुआला यातले काहीच बंधन नाही. हात उचलावेत, आधी ईश्वराची स्तुती आणि पैगंबरांसाठीची प्रार्थना, म्हणजे दरूद, म्हणावा, आवाज हळू ठेवावा, असे काही शिष्टाचार आहेत, पण ते नसले तरी दुआ होते. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला नमाज माफ असते, दुआला मात्र आडकाठी नसते. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, मशिदीपासून दूर असलेला चालक, उसाच्या फडातला मजूर यांनाही ती मोकळी आहे. प्रवासी माणसाची चार रकातची (आवर्तनांची) नमाज दोनवर येते, दुआला अशी काटछाट नाही. उलट प्रवाशाची दुआ विशेष स्वीकारली जाते असे हदीस सांगते. म्हणजे इस्लाममधली सर्वांत कमी अटींची ही उपासना कामाच्या मधोमध करण्यासाठीच आहे. हे शब्द जपण्याचे प्रयत्नही जुने आहेत. नवव्या शतकातल्या इमाम बुखारींच्या हदीससंग्रहात दुआंचा स्वतंत्र विभाग आहे. 1277 मध्ये वारलेल्या इमाम नववींनी ‘अल-अज़कार’ हा ग्रंथ रचला. 1429 मध्ये वारलेल्या अल-जज़री यांचा ‘हिस्न-ए-हसीन’ भारतात घरोघरी पोचला. आज सईद अल-कहतानी यांचे ‘हिस्नुल मुस्लिम’ हे खिशात मावणारे पुस्तक जगभर चालते. आणि मकतबात, म्हणजे धार्मिक बालशाळेत, जाणाऱ्या मुलांना ‘मसनून दुआ’, म्हणजे पैगंबरांच्या आचरणातून आलेल्या दुआ, पाठ करवून घेतल्या जातात.

या पुस्तकांतल्या दिवसाचा क्रम लावला तर दुआ कुठे येतात हे लक्षात येते. त्या उंबरठ्यांवर येतात. झोपताना ईश्वराचे नाव घेऊन मरणे-जगणे त्याच्यावर सोपवायचे आणि जाग आली की मेल्यावर पुन्हा जिवंत केल्याबद्दल आभार मानायचे. झोप हे छोटे मरण आहे असे त्यात गृहीत आहे. घासाआधी बिस्मिल्लाह, जेवणानंतर अल्हम्दुलिल्लाह. शौचालयात डावा पाय आधी टाकताना घाणीपासून आणि वाईटापासून आश्रय मागायचा, बाहेर येताना क्षमा मागणारा एकच शब्द. शिंकेचा प्रसंग तर दोघांचा संवाद आहे. शिंकणारा ईश्वराची स्तुती करतो, ऐकणारा त्याच्यावर दया होवो म्हणतो, आणि शिंकणारा उलट त्या ऐकणाऱ्यालाच सन्मार्ग आणि सुस्थिती चिंततो. आपल्याकडे बाहेर पडताना कोणी शिंकले की अपशकुन म्हणून माणूस पुन्हा खाली बसतो. तीच शिंक इथे शेजाऱ्याशी बोलण्याचे निमित्त होते. मशिदीच्या दाराची गोष्ट याहून बोलकी आहे. आत जाताना कृपेची दारे उघडण्याची विनंती असते. बाहेर पडताना जो शब्द आहे तो ‘फज़ल’, म्हणजे अनुग्रह, आणि कुरआनमध्ये शुक्रवारच्या नमाजनंतर पांगून ईश्वराचे फज़ल शोधा असे सांगताना हाच शब्द येतो. तिथे त्याचा रोख उदरनिर्वाहाकडे आहे. म्हणजे आतला माणूस धर्माचा आणि बाहेरचा बाजाराचा अशी वाटणी ही दुआ मान्य करत नाही. दुकानाचे शटर वर करणे हेही त्याच हाकेच्या टप्प्यात आहे.

काम आणि स्मरण यांचे हे जुळणे केवळ ग्रंथातले नाही, आपल्या परिसराचा त्याला पुरावा आहे. सोलापूरला लागून असलेल्या विजापुरात सूफींच्या परंपरेतून दख्खनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ या प्रकारची गाणी तयार झाली. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी 1978 च्या ‘सूफीज़ ऑफ बिजापूर’ या पुस्तकात त्यांचा तपशिलाने अभ्यास केला आहे. जात्यावर दळताना आणि सूत काततानाची ही बायकांची गाणी. जात्याच्या खुंट्यात अलिफ हे अक्षर, म्हणजे अल्लाहच्या नावाचा आरंभ, पाहायचा आणि फिरण्याच्या लयीत नामस्मरण करायचे, अशी त्यांची रीत. मराठी जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भीमेच्या खोऱ्यात एकाच प्रकारच्या दगडी जात्यावर एका घरात विठ्ठल आणि दुसऱ्या घरात अल्लाह आठवला जात होता. दोन्हीकडे पीठ पडायचे थांबत नव्हते. पुरुषांची उपासना मशिदीत मोजली गेली, बायकांची उपासना पिठात मिसळून गेली. दुआचे दैनंदिन जीवनातले स्थान पाहायचे तर ते या दुसऱ्या जागी पाहावे लागते.

ही गाणी बोलीभाषेतली होती, पाठ केलेल्या दुआ मात्र अरबीत आहेत, आणि पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. कळत नसलेल्या अरबी वाक्यांचे पाठांतर म्हणजे पोपटपंची नव्हे काय? आक्षेप हलका नाही. सोलापूर जिल्ह्यातले मुस्लिम घरात दख्खनी बोलतात आणि बाजारात, शाळेत, कचेरीत मराठी. अरबी अनेकांना वाचता येते, समजत नाही. देवनागरीत छापलेल्या दुआंच्या पुस्तिकांनी वाचण्याची सोय केली, पण लिपीची मर्यादा तिथे उघडी पडते. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. नुक्ता पुसला की देवनागरीत दोन्ही एकच. तरीही आक्षेप अर्धाच खरा आहे. एक तर या छोट्या दुआंचा अर्थ शब्दाइतकाच प्रसंगातून शिकला जातो. जेवण संपल्यावर मूल जे म्हणते ते आभाराचे आहे हे त्याला व्याकरणाशिवाय कळते. दुसरे म्हणजे, नमाजच्या आत अरबीबाहेर जाण्याविषयी उलेमांमध्ये मतभेद असले तरी नमाजबाहेरची दुआ कोणत्याही भाषेत करता येते. पायताणाचा बंद तुटला तरी तो ईश्वराकडे मागावा, अशी हदीस तिरमिज़ींच्या संग्रहात आहे. एवढी घरगुती मागणी माणूस मातृभाषेतच करणार. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि याच शहरातल्या प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी इथला मुसलमान मराठीचाही वारसदार आहे हा विचार आयुष्यभर मांडला. त्या विचाराचा एक सरळ निष्कर्ष असा निघतो की पाठ केलेली अरबी दुआ आणि मनातली मराठी किंवा दख्खनी दुआ एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. पहिली हजारो मैलांवरच्या माणसाशी जोडते, दुसरी स्वतःच्या पोटातले बोलते. अर्थ मुळीच न शिकवता नुसते पाठांतर घेणाऱ्या मकतबांवर मात्र आक्षेप पुरता लागू पडतो, आणि तो लागू पडू द्यावा.

दुसरा आक्षेप दैववादाचा. दुआ म्हटली की ब्रेक तपासायची गरज संपली, ‘इन्शाअल्लाह’ म्हटले की वेळ पाळायची गरज संपली, असे आचरण दिसते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे खंडन परंपरेतच आहे. उंट बांधू की ईश्वरावर भरवसा ठेवून मोकळा सोडू, असे एकाने विचारल्यावर पैगंबरांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे उत्तर दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. महामार्गावर तिचा अर्थ हवा तपासलेले टायर, क्षमतेइतकाच भरलेला माल आणि पुरेशी झोप. कुरआनच्या 18 व्या अध्यायात ‘उद्या मी हे करीन’ असे ईश्वरेच्छेची जोड दिल्याशिवाय म्हणू नये, असे सांगितले आहे. तो वायदा मोडण्याचा परवाना नाही. आपला वायदाही अपुऱ्या माहितीवर केलेला असतो, एवढे भान आहे. पंढरपूरच्या वाटेवरचा माणूस ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणतो तेव्हा त्यानेही चालणे सोडलेले नसते. आळसाला देवाचे नाव देणारे दोन्हीकडे आहेत, हा भाग वेगळा.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. मागूनही मिळत नाही, मग काय? या प्रश्नाची धार माढा तालुक्याला पावसाने शिकवली आहे. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावते, त्यातले 63 टीएमसीहून अधिक मृतसाठ्यात मोजले जाते. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य इथे घरातल्या आजाऱ्याविषयी बोलावे तसे बोलतात. आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच तालुक्यात सीना नदीच्या महापुराने शेते वाहून नेली. पाऊस ओढ देतो तेव्हा मुस्लिम समाज मोकळ्या मैदानात ‘इस्तिस्का’ची, पाणी मागण्याची, नमाज पढतो. बुखारींच्या संग्रहातली एक घटना या संदर्भात आठवावी. शुक्रवारच्या प्रवचनात एकाने उठून दुष्काळाची तक्रार केली, पैगंबरांनी दुआ केली आणि आठवडाभर पाऊस पडला. पुढच्या शुक्रवारी घरे पडू लागल्याची तक्रार आली, तेव्हा पाऊस थांबव असे न म्हणता तो आमच्यावर नको, आजूबाजूच्या टेकड्यांवर आणि ओढ्याखोऱ्यांत पडो, अशी दुआ त्यांनी केली. पाऊस दिसताच म्हणायची दुआही नुसत्या पावसाची नाही, उपयोगी पावसाची आहे. मागणाऱ्याला स्वतःचे भले पुरते कळत नाही, हे या शब्दांनी धरूनच ठेवले आहे. न फळलेल्या दुआविषयी परंपरेचे उत्तर असे की ती कधी इथेच पुरी होते, कधी परलोकासाठी राखली जाते, कधी तिच्या बदल्यात एखादे संकट टळते. अश्रद्ध वाचकाला हे उत्तर पटणार नाही, कारण ते कोणत्याही निकालाने खोटे ठरवता येत नाही. ही अडचण मान्यच करायला हवी. पण रोजच्या ज्या दुआंविषयी आपण बोलतो आहोत त्यांना हा आक्षेप फारसा लागतच नाही. घासाबद्दल आभार मानले आणि ते फळले नाहीत, असे म्हणता येत नाही.

दुआचा धाक मात्र मागणाऱ्यालाच असतो, आणि हे तिच्याविषयी कमी सांगितले जाते. एका हदीसमध्ये लांबच्या प्रवासाने धुळीने माखलेला, केस विस्कटलेला माणूस आकाशाकडे हात उचलतो. पण त्याचे अन्न, पाणी, कपडे हरामच्या कमाईचे आहेत, तर त्याची दुआ कशी ऐकली जाईल, असा प्रश्न तिथे विचारला आहे. प्रवाशाची दुआ लवकर ऐकली जाते म्हणणाऱ्या परंपरेनेच ही अट घातली आहे. वजनकाट्यात मारणाऱ्याला, उचल देऊन मजुराला बांधून ठेवणाऱ्याला काचेवरचा स्टिकर वाचवत नाही. तसेच मुआज़ या आपल्या अनुयायाला यमनला पाठवताना पैगंबरांनी ज़कात, म्हणजे अनिवार्य दान, गोळा करण्याची रीत सांगितली. लोकांचा उत्तम माल उचलू नकोस, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दुआपासून सांभाळ, कारण तिच्या आणि ईश्वराच्या मध्ये पडदा नसतो. ही सूचना वसुलीला निघालेल्या अधिकाऱ्याला दिलेली आहे, हे महत्त्वाचे. दुआ विकत देणारे, ताईत-गंडे बांधून भीतीचा धंदा करणारे बाबा या हिशेबात कुठेच बसत नाहीत. ज्या उपासनेला वेळ, जागा, मध्यस्थ काहीच लागत नाही तिच्यासाठी दलालाला पैसे मोजणे म्हणजे तिचा मूळ गुणच गमावणे.

इथे मराठी भाषेने केलेल्या बदलाकडे पुन्हा पाहता येते. अरबीतली हाक वर जाते, मराठीतला दुवा माणसाकडून माणसाकडे जातो. वरवर पाहता भाषेने अर्थ पातळ केला. पण इस्लाममध्ये दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीमागे केलेली दुआ विशेष मोलाची मानली आहे, आणि पीडिताच्या हाकेची भीती सांगितली आहे. ‘दुवा घ्यावा, तळतळाट घेऊ नये’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने मुआज़ना दिलेली सूचना न वाचताच पाठ केली आहे. टेंभुर्णीच्या चौकात थांबलेला चालक चावी फिरवण्याआधी त्या दोन आयतींचे शब्द म्हणतो, तेव्हा तो रस्ता मागत नसतो. हा ट्रक आपल्या ताकदीने चालत नाही, एवढे तो स्वतःला सांगत असतो. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, त्याचा धर्म कोणताही असो, चालकाला एवढे आठवलेले बरे.