हौशी बिनतारी केंद्र दुरून कसें चालतें?

खारदांड्याच्या कोळीवाड्यालगत एखाद्या इमारतीच्या गच्चीवर बारीक तार ताणलेली दिसली, तर ती कपडे वाळत घालण्याची दोरी असावी, असेंच येणाराजाणारा समजेल. पण ती एखाद्या हौशी बिनतारी चालकाची एरिअल असली, तर खालच्या खोलींत मोठा चमत्कारिक देखावा पाहावयास मिळण्याचा संभव आहे. टेबलावर यंत्र सुरू आहे, त्याचे आंकडे आपोआप बदलत आहेत, मापकाचा कांटा बोलण्याच्या ठेक्यावर उसळत आहे, आणि पुढची खुर्ची मात्र रिकामी आहे! बोलणारा गृहस्थ नोकरीनिमित्त नागपुरास आहे. त्याचा आवाज इंटरनेटवरून खारदांड्यास येतो आणि तेथून अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघतो.

यांतली कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. सन १९२७ च्या सप्टेंबरांत हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बीम पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हां संदेश पाठविणारें केंद्र पुण्याजवळ खडकीस होतें आणि संदेश घेणारें केंद्र दौंडास. कामकाज चाले तें मुंबईच्या कचेरींतून. कचेरी आणि हीं केंद्रें तारांनीं जोडलेलीं होतीं. प्रबळ प्रक्षेपक शेजारीं असला म्हणजे संवेदनशील ग्राहकयंत्र बधिर होतें, म्हणून हीं दोन केंद्रें एकमेकांपासून दूर ठेवीत. मुंबईच्या आकाशवाणीचें तरी काय? गाणारे आणि बोलणारे चर्चगेटजवळ बसतात, आणि त्यांचे ध्वनि आकाशांत सोडले जातात मालाडच्या बाजूस. मात्र असली खास तार बाळगणें सरकारास किंवा मोठ्या कंपनीसच परवडे. इंटरनेटनें ती सोय सामान्य गृहस्थाच्या घरांत आणून ठेवली आहे.

ही सोय हवीशी कां वाटते, हें उपनगरांत राहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. १४ मेगाहर्ट्झच्या लहरींसाठीं साधी अर्धलहरी तार सुमारें १० मीटर लांब लागते. ७ मेगाहर्ट्झसाठीं २० मीटर. एवढी मोकळी जागा सर्वांच्या वांट्यास येत नाहीं, आणि आली तरी शेजाऱ्यांची संमति लागते. शिवाय एलईडी दिवे, चार्जर व लिफ्टचीं यंत्रें यांच्या विद्युत्-गोंगाटांत दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणून कोणी आपलें यंत्र कोंकणांतील मूळ घरीं ठेवून तें मुंबईंत बसून चालवितो. उलट खारदांड्यासारख्या ठिकाणीं समुद्राचा मोठा लाभ आहे. खारें पाणी विद्युत्-वाहक असल्यामुळें किनाऱ्यालगत उभ्या केलेल्या एरिअलच्या लहरी क्षितिजाजवळून निघून फार दूर पोंचतात. ज्याची गच्ची तेथें आहे, त्यास परगांवीं गेल्यावरहि तिचा मोह सुटूं नये, यांत नवल नाहीं. आणि जो वृद्ध गृहस्थ अंथरुणास खिळून मुलाकडे दुसऱ्या गांवीं राहतो, त्याला तर जुन्या मित्रांचे आवाज पुन्हां ऐकावयास मिळतात.

आतां कृति पाहूं. घरच्या यंत्रास एक लहानसा संगणक जोडलेला असतो. त्याच्याकडे तीन कामें असतात: आवाजाची ने-आण करणें, ‘लहरी बदल’, ‘बोलणें सुरू कर’ असे हुकूम यंत्रास देणें, आणि यंत्राची प्रकृति मालकास कळविणें. बोलण्याचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला, तर सेकंदाला १,२८,००० बिट होतात. ते दाबून एक चतुर्थांशावर आणतां येतात. साध्या मोबाइल जोडणीसहि एवढा भार जड नाहीं.

खरी अडचण विलंबाची आहे. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे नागपूर-मुंबईचें अंतर त्यास सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांतच कापतां येतें. पण वाटेंतील यंत्रें संदेशाचे तुकडे क्षणभर थोपवितात, आणि ते पुन्हां एकसारखे लावण्यासाठीं दोन्ही टोंकांस थोडा सांठा करावा लागतो. बोलण्यांत सेकंदाच्या पंचमांशाइतका उशीर खपतो. कारण येथें टेलिफोनप्रमाणें दोघे एकदम बोलत नाहींत, एकाचें संपल्यावर दुसरा बोलतो. मोर्स लिपींत मात्र तसें चालत नाहीं. मिनिटाला २० शब्दांच्या वेगानें एक ठिपका सेकंदाच्या शंभर भागांपैकीं सहाच भाग टिकतो. तुकड्यांच्या येण्यांत तेवढा मागेंपुढें फरक पडला कीं, ठिपका व रेघ यांचा मेळ बिघडलाच. म्हणून शहाणा चालक बोटाचे ठोके पाठवीत नाहीं. तो अक्षरें पाठवितो आणि त्यांचे ठिपके-रेघा घरच्या यंत्राकडून पाडून घेतो.

येथवर सारें सोयीचें झालें. पण बोलणें सुरू असतां मधली जोडणीच तुटली तर? ‘थांब’ हा हुकूम पोंचणार नाहीं, आणि मालक नसलेला प्रक्षेपक इतरांच्या लहरी अडवून तापत राहील. यास्तव घरच्या संगणकांत पहारेकरी ठेवावा लागतो. दुरून दर सेकंदास ‘मी आहें’ अशी खूण येत राहिली पाहिजे. ती चुकली कीं प्रक्षेपण बंद. दुसरें, एका दमांत कांहीं मिनिटांपलीकडे यंत्र बोलणार नाहीं, असें घड्याळ असावें. तिसरें, वीज तोडणारें बटण निराळ्या वाटेनें, म्हणजे मोबाइलवरून, चालणारें असावें. जोडणीस चांगलें कुलूप हवें. नाहीं तर परका मनुष्य मालकाच्या नांवानें बोलूं लागेल. पावसाळ्यापूर्वीं एरिअल सोडवून ठेवण्याची व्यवस्था पाहावी, आणि खाऱ्या वाऱ्यानें सांधे गंजले नाहींत ना, हेंहि तपासावें.

कारण परवाना माणसाच्या नांवाचा असतो. भारत सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन तो देतो, व ‘व्हीयू’नें आरंभ होणारें संकेतनाम ज्याचें, जबाबदारीहि त्याचीच. मुंबईनें या गोष्टीचें गांभीर्य पाहिलें आहे. सन १९३९ त महायुद्ध सुरू होतांच हौशी परवाने रद्द झाले. आणि १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच शहरांतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हां त्याची किंमत त्यांना तुरुंगवासानें द्यावी लागली. म्हणून दूरचालनास हात घालण्यापूर्वीं आपल्या परवान्याच्या अटींत तें बसतें कीं नाहीं, याचा लेखी खुलासा विभागाकडून करून घ्यावा.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत मोठा आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उपनगरांत वीज व टेलिफोन जागोजाग बंद पडले. त्यापूर्वीं सातच महिने, २६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानावर समुद्र उसळला, तेव्हां भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी सहकारी पोर्ट ब्लेअर येथेंच होते. त्यांच्या यंत्रांनीं बेटांवरचा निरोप मुख्य भूमीकडे पोंचविला. हौशी बिनतारीची खरी थोरवी हीच कीं, बाकी सर्व साधनें गळालीं असतां ती उभी राहते. इंटरनेटवर विसंबलेलें केंद्र नेमकें त्याच घटकेस आपल्या दूरच्या मालकास मुकतें.

यावरून दूरचालन त्याज्य ठरत नाहीं. ठरतें एवढेंच कीं, तें घरच्या हाताची जागा घेऊं शकत नाहीं. यंत्राशेजारीं भरलेली बॅटरी असावी, वीज तोडण्याचा खटका घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असावा, आणि शक्य तर पत्नीनें, मुलानें किंवा मुलीनेंहि परीक्षा देऊन परवाना घ्यावा. एरवीं ती खुर्ची रिकामी राहिली तरी हरकत नाहीं. पाणी उंबऱ्याशीं येईल त्या रात्रीं तिच्यावर बसणारें माणूस घरांत असलें पाहिजे.