हरवलेली चिठ्ठी

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक मावेल का? मावतो! फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ साली 'क्यूईएमयू' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ती एका संगणकावर दुसऱ्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करते. या आभासी संगणकाची हार्ड डिस्कही नकलीच असते. बहुधा ती बाहेरच्या संगणकातील एक फाइल असते. आतला संगणक 'हे लिही', 'ते वाच' अशा मागण्या करतो आणि क्यूईएमयू त्या फाइलवर पुऱ्या करते.

बाहेरची जागा संपल्यामुळे एखादी मागणी फसली तर? अशा वेळी आतला संगणक थांबवता येतो. फसलेली मागणी यादीत ठेवतात आणि पुन्हा सुरू करताना ती नव्याने पुरी करतात.

ही यादी म्हणजे चिठ्ठ्यांची साखळी होय. प्रत्येक चिठ्ठीवर पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो. पहिलीचा पत्ता एका खणात असतो. नवी चिठ्ठी जोडण्याच्या पायऱ्या दोन: १) खणातील पत्ता नव्या चिठ्ठीवर उतरवणे, २) नव्या चिठ्ठीचा पत्ता खणात लिहिणे.

डिस्कचे काम पाहणारा 'थ्रेड', म्हणजे कामाचा धागा, एकच असेल तर यात काहीच धोका नाही. परंतु वेग वाढवण्यासाठी हे काम अनेक थ्रेडमध्ये वाटायचे ठरले. एप्रिल २०२४ च्या ९.० या आवृत्तीत तशी सोय आली. आता समजा, खणात 'क' चा पत्ता आहे. पहिल्या थ्रेडने 'ख' चिठ्ठीवर 'क' लिहिले. त्याच क्षणी दुसऱ्यानेही 'ग' वर 'क' लिहिले. मग पहिल्याने खणात 'ख' लिहिले आणि दुसऱ्याने ते पुसून 'ग' लिहिले. आता साखळी पाहा: ग, मग क. 'ख' कुठे गेली? ती हरवली! आतला संगणक तिच्या उत्तराची वाट पाहतच राहणार. हा योग क्वचितच जुळतो, म्हणून चाचण्यांतूनही असा दोष निसटू शकतो.

उपाय २०२३ मध्येच, या तयारीच्या वेळी केला गेला: यादीला कुलूप. किल्ली एकच. ती घ्यायची, दोन्ही पायऱ्या उरकायच्या, किल्ली परत ठेवायची. एकेरी रेल्वेमार्गावर टोकन हाती असलेलीच गाडी पुढे जाते, तसेच हे. संगणक पुन्हा सुरू होताना तर कुलपाच्या आत संपूर्ण यादी फक्त उचलून घेतात आणि पुढचे काम कुलपाबाहेर करतात. कारण किल्ली जितका वेळ अडकेल, तितका वेळ इतरांना ताटकळावे लागेल. अशा परस्पर-वर्जनाच्या प्रश्नाचे उत्तर डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच प्रसिद्ध केले होते.

आता तुम्ही करून पाहा. दोन थ्रेडच्या मिळून चार पायऱ्या. प्रत्येकाची पहिली पायरी दुसरीच्या आधी, ही अट पाळून त्यांचे किती क्रम लागतात? उत्तर ६. कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन मित्रासह सहाही क्रम तपासा. केवळ २ क्रमांत दोन्ही चिठ्ठ्या टिकतात. उरलेल्या ४ क्रमांत एक हरवते. ते दोन क्रम कोणते, आणि कुलूप नेमके तेवढेच का शिल्लक ठेवते, हे आता तुम्हीच सांगा!