चौकटीमागचे सूत्र

पडद्यावर चित्रे आली, हाती माऊस आला आणि सर्वसामान्यांच्या मनातील संगणकाचे भय ओसरले. मात्र या सोयीबरोबर एक विभागणीही रूढ झाली : पडद्यावर जेवढी बटणे दिसतील तेवढेच काम आपण करावे, त्यापलीकडचे काही हवे असल्यास प्रोग्रॅमरकडे जावे.

ही विभागणी न मानणारे साधन म्हणजे स्प्रेडशीट. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिकलिन यांना १९७८ साली ही कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांनी तिचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ ॲपल-२ संगणकावर उपलब्ध झाले. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलेल्या ‘एक्सेल’ने त्याच तक्त्याला माऊसची जोड दिली. डोळ्यांना दिसतो तो तक्ता. पण प्रत्येक चौकटीमागे वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेले सूत्र असू शकते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना याचे मोल विशेष आहे. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाची वाढ दुरुस्त वयानुसार पाहावी लागते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ २६ आठवड्यांचे झाले, तर चाळिसाला कमी पडलेले ८ आठवडे वजा करून वाढीच्या आलेखावर त्याचे वय १८ आठवडे धरावयाचे. हे सूत्र एका चौकटीत लिहून खाली ओढले की संपूर्ण नोंदवहीला लागू होते.

धोकाही तेथेच आहे. एक्केचाळिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वय हेच सूत्र एका आठवड्याने वाढवून ठेवते. गर्भकाळाची चौकट रिकामी राहिल्यास ती शून्य मानली जाते आणि वयातून चक्क ४० आठवडे वजा होतात. पडदा मात्र तक्रार करीत नाही. ‘सेप्ट-२’सारख्या जनुकांची नावे एक्सेल आपोआप तारखांत बदलत असे, अखेर जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशी नावेच बदलली.

म्हणून सूत्र लिहिण्यास कचरू नये, पण ते वापरात आणण्यापूर्वी तीन बाळांच्या नोंदींवर हाताने पडताळून पाहावे : एक मुदतपूर्व, एक चाळीस आठवडे ओलांडून जन्मलेले आणि एक अपुऱ्या नोंदीचे. विकत घेतलेल्या प्रणालीलाही हीच कसोटी लावावी. औषधाची मात्रा दाखविणाऱ्या आकड्यामागचे सूत्र विक्रेता दाखवीत नसेल, तर तो आकडा आपल्या हिशेबाशी जुळल्याखेरीज बाळाच्या कागदावर उतरवू नये.