नाण्यांच्या वजनातले संख्याशास्त्र

धुळे-जळगाव भागात जुनी नाणी जमवणारे पुष्कळ आहेत. नाण्यावरचे चिन्ह कोणते, राजा कोण, यावर ते तासन्‌तास बोलतील. वजनाची नोंद मात्र मला फार थोड्यांच्या वहीत दिसली. त्या वजनात केवढा इतिहास दडलेला असतो, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिले. मी संख्याशास्त्र महाविद्यालयात शिकलेलो नाही. कोसंबींच्या नाण्यांवरच्या लेखांचा माग काढता काढता ते थोडेफार उमगले. सूत्रांना बिचकणाऱ्या वाचकालाही हीच वाट सोपी जाईल, असे वाटते.

कोसंबी तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. त्यांच्यासमोर तक्षशिलेची आहत नाणी होती. आहत नाणी म्हणजे ठसे मारून केलेली चांदीची नाणी; प्रत्येकाचे वजन साधारण साडेतीन ग्रॅम, प्राचीन मापाने ३२ रत्ती, म्हणजे ३२ गुंजा. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ मध्ये सापडलेल्या साठ्यात अशी १,०५५ नाणी होती. सोबत अलेक्झांडरची नवीकोरी नाणी निघाल्यामुळे साठा इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला, हे ठरवता आले. पण साठ्यातली कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची? त्यांच्यावर ना सन, ना राजाचे नाव.

पहिली पायरी सरासरीची. समजा, पाच नाणी ३.४, ३.५, ३.५, ३.५ आणि ३.६ ग्रॅमची आहेत. सरासरी ३.५. आता ३.६ ग्रॅमच्या नाण्याऐवजी एक तुटके, १.६ ग्रॅमचे नाणे आले, तर सरासरी एकदम ३.१ वर उतरते. चार नाणी तीच असूनही. वजने चढत्या क्रमाने लावून मधले नाणे उचलले, तर ते मात्र ३.५ चेच राहते. हा मध्यक. एखादी विचित्र नोंद सरासरीला ओढून नेते, मध्यकाला सहसा हलवत नाही.

दुसरी पायरी विखुरण्याची. आणखी पाच नाणी घ्या: ३.१, ३.३, ३.५, ३.७, ३.९. सरासरी पुन्हा ३.५, पण ढीग अगदी वेगळा. प्रत्येक नाणे सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यायचे. हे प्रमाण विचलन. पहिल्या ढिगाचे ०.०६, या ढिगाचे ०.२८. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला यातले मर्म सांगायला नको. दोन्ही बागांत घडाची सरासरी २० किलोच. पण एकीत घड १८ ते २२ किलोंचे आणि दुसरीत १० ते ३० किलोंचे. व्यापारी आधी कोणत्या बागेत शिरेल?

कोसंबींना मौर्यकाळातल्या नाण्यांत नेमके हेच दिसले. सरासरी वजन आधीच्या नाण्यांइतकेच, पण तांब्याची भेसळ जास्त, घडण ओबडधोबड आणि वजनांतली तफावत मोठी. त्यावरून नाणी घाईने पाडली गेली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नुसत्या सरासरीला ही गोष्ट कधीच दिसली नसती.

तिसरी पायरी परिकल्पना चाचणीची. दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला, तर तो खरा की योगायोगाचा? आधी धरून चालायचे की फरक नाहीच. ही शून्य परिकल्पना. मग सगळी वजने चिठ्ठ्यांवर लिहून मिसळा, डोळे मिटून दोन ढीग करा आणि सरासऱ्यांतला फरक मोजा. असे पुन्हा पुन्हा करा. प्रत्यक्षात दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक शंभरांत पाचपेक्षा कमी वेळा पडत असेल, तर योगायोगाचे कारण सोडून द्यायचे. ही पाचाची रेघ केवळ संकेताची आहे. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथापासून तो रूढ झाला. चाचणी आपल्याला पुराव्याचे बळ सांगते, अंतिम सत्य नव्हे.

चौथी पायरी सहसंबंधाची. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. व्यवहारात फिरताना वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या त्या खुणा, असे कोसंबींचे मत. या ठशांची संख्या वाढते तसे गटाचे सरासरी वजन जवळजवळ सरळ रेषेत उतरते, असे त्यांना आढळले. एक वाढते तसे दुसरे घटते, हा ऋण सहसंबंध. त्याचे माप उणे १ ते अधिक १ यांच्यात असते. पण ठशाने नाणे झिजत नाही. दोहोंमागे तिसरेच कारण आहे: हातोहाती फिरण्यात गेलेला काळ. सहसंबंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे नव्हे.

हे कारण तपासायला कोसंबींनी चलनातली हजारो आधुनिक नाणी तोलली, कारण त्यांच्यावर सन छापलेला असतो. जितके जुने, तितकी सरासरी कमी आणि विखुरणे जास्त. झीज हेच घड्याळ आहे, हे असे ताडून पाहिल्यावर ठशांच्या संख्येवरून नाण्यांचा काळानुक्रम लावता आला.

या साऱ्याला एक अट आहे: साठा अख्खा हवा. विहीर खोदताना नाण्यांचे गाडगे निघाले, भावाभावांत वाटले गेले, ठसठशीत नाणी संग्राहकांकडे गेली आणि झिजकी सराफाच्या मुशीत, तर उरते ते निवडलेले. त्यांची सरासरी मुळातच जड निघणार आणि कुठलेही सूत्र ती सुधारू शकणार नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो. अभ्यासकाच्या दृष्टीनेही तेच हिताचे आहे.

ज्यांच्याकडे आधीपासून नाणी आहेत, त्यांनी एवढे करावे. चिंचेने किंवा आम्लाने ती घासू नयेत. त्यात वजनच जाते. सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक नाणे वेगळे तोलावे. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, मागचे ठसे किती आणि नाणे कुठून आले, हे तीन रकाने वहीत भरावेत. वही जमत गेली की तिच्यातून प्रश्न विचारता येतील. न तोललेले नाणे मुशीत गेले की मात्र त्याची साक्ष कायमची गेली.