कार्डावरचे पाच लाख आणि केळदचा रस्ता

आरोग्यसेवा सुधारायची म्हटलं की बोलणं योजनेच्या कार्डापाशी येऊन थांबतं. भोर-वेल्ह्यात त्याबद्दल जे समज आहेत, त्यांपायी लोकांचे पैसे जातात, कधी जीवही. म्हणून हे तपासून घेऊ.

गैरसमज : पांढरं रेशनकार्ड असलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना मिळत नाही.
वस्तुस्थिती : पूर्वी भर पिवळ्या-केशरी कार्डांवर होता. 1 जुलै 2024 पासून योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत.

गैरसमज : कार्ड दाखवलं की कुठल्याही दवाखान्यात फुकट.
वस्तुस्थिती : रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं आणि उपचारही ठरलेल्या यादीतला. दाखल होण्याआधी तिथे योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्या यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

गैरसमज : विम्याची रक्कम वाढली म्हणजे आरोग्यसेवा सुधारली.
वस्तुस्थिती : मला सर्वांत घातक वाटतो तो हा समज. भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्यातल्या केळदच्या खाचरात बाईला साप चावला, तर तिला आधी हवं सर्पदंशावरचं प्रतिविष, ते टोचणारा डॉक्टर आणि 108 ची गाडी. घाटरस्त्यावर दरड आली असेल, तर पुण्यातल्या रुग्णालयाची खाट तिच्या काय कामाची? डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. 2011 च्या जनगणनेत वेल्हे तालुक्यात सुमारे 54 हजार माणसं होती. म्हणजे हिशेबाने तिसरं केंद्रही पुरतं भरत नाही! हा निकष डोकी मोजतो; वाड्यांमधलं अंतर, धरणाच्या पाण्याला घालावा लागणारा वळसा मोजत नाही. विधिमंडळाने बदलायला हवं ते हे. सेवा माणसाच्या दाराजवळ असावी आणि पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे 1946 सालीच भोर समितीने मांडलं होतं. (समितीचं नाव भोर संस्थानावरून नव्हे, अध्यक्ष सर जोसेफ भोर यांच्यावरून पडलं.)

गैरसमज : हे सगळं दिल्लीच्या हातात आहे.
वस्तुस्थिती : सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रालाही तो करता येईल. आपल्या आमदारांना हे विचारलंच पाहिजे.

गैरसमज : असा कायदा होईपर्यंत खासगी डॉक्टर अपघातग्रस्ताला दारातूनच परत पाठवू शकतो.
वस्तुस्थिती : नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर. पुणे-सातारा महामार्गावरच्या प्रत्येक दवाखान्याला हे लागू आहे.