अंगणातले झाड, डॉक्टरांचे माप

आमच्या नागावात वाडी म्हटली की नारळ-पोफळी, विहीर आणि कुंपणाच्या कडेने आपसूक उगवलेली सदाफुली हे ठरलेलेच. देवपूजेला चार फुले तोडण्यापलीकडे या झाडाकडे कोणी लक्ष देत नाही. पण याच सदाफुलीपासून मिळणारे ‘व्हिन्क्रिस्टीन’ हे औषध १९६० च्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. मला हे कळले ते शेजारच्या मुलाच्या आजारपणात. त्याच्याच परवानगीने हे लिहीत आहे.

मुलगा नुकताच दहावीत गेलेला. ताप हटेना, अंगावर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. अलिबागला रक्त तपासले आणि तिथून थेट परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांचा आधार आहे. निदान झाले ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’. यात हाडांच्या मगजात कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच, आणि पूर्ण उपचारांनी बरा होण्याची आशाही यात मोठी.

पहिल्या महिन्यात शिरेतून औषधे, पाठीच्या कण्यात सुई, स्टिरॉइडच्या गोळ्या. चेहरा सुजला, केस गेले आणि भूक अशी की मध्यरात्री उठून आमटी-भात मागायचा. महिन्याअखेरीस तपासणीत रोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. घरात पेढे वाटले गेले. आजी म्हणाली, “पोर बरा झाला ना? मग आता त्याला सुया कशाला टोचायच्या? औषध सदाफुलीचेच आहे तर मीच काढा करून देते.”

खरा धोका इथेच होता. दिसत नाहीत म्हणजे पेशी संपल्या, असे नसते. औषध थांबले की त्या पुन्हा डोके वर काढतात, म्हणून उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. शिवाय सदाफुलीचा काढा विषारी. तिच्यातले औषध शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतूनच देतात. मुलाच्या वडिलांनी आजीला एवढेच सांगितले, “आई, झाड आपल्या अंगणातले असले तरी माप डॉक्टरांकडेच आहे.” आजीने पुन्हा विषय काढला नाही. पाणी उकळून गाळून ठेवण्याचे काम मात्र तिने शेवटपर्यंत कोणाला दिले नाही.

मग सुरू झाल्या खेपा. उघडिपीत मांडव्याहून लाँच, पावसाळ्यात वडखळ-पेण-पनवेलमार्गे एसटी. मुक्काम लांबला की दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. पुढे घरी रोज गोळ्या आणि ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी. पेशी घटलेल्या असताना ताप आला तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब रुग्णालय गाठायचे.

मी निवृत्त गणितशिक्षक. संध्याकाळी ओसरीवर, तोंडाला मास्क लावून त्याला शिकवत असे. औषधाने बोटे बधिर होत, कंपासही धरवत नसे. भूमितीची रचना तो तोंडी सांगायचा, मी काढायचो. शाळेत ‘हा रोग लागतो’ अशी कुजबुज झाली तेव्हा वर्गशिक्षिकेने वर्गातच समजावून सांगितले की कर्करोग संसर्गजन्य नाही. दुसऱ्या दिवसापासून मित्र वह्या आणून देऊ लागले. दहावीची परीक्षा त्याने वर्षभर उशिरा दिली आणि उत्तीर्ण झाला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. उशिरा होणारे निदान, न मिळणारी औषधे आणि मध्येच सोडलेले उपचार ही त्यामागची काही कारणे. पहिली दोन आपल्या हातात फारशी नसतील, पण तिसऱ्याला शेजारी, शाळा आणि नातेवाईक मिळून नक्की आवर घालू शकतात. प्रवासखर्चाला हातभार लावावा, धाकट्या भावंडांना जेवू घालावे, आणि घरगुती औषधे मात्र सुचवू नयेत.

त्याचे उपचार आता पूर्ण झाले आहेत. तपासणीसाठी अधूनमधून परळला जावे लागते. परवाच विचारत होता, “सर, लाँचमध्ये वाचायला बारावीच्या गणिताचे कोणते पुस्तक नेऊ?”